अजिंठ्याचे 'इराणी वकिलात' चित्र आणि महाराष्ट्र-इराण दौत्यसंबंध

गेल्या वर्षी वर्षावास समाप्त झाल्यावर आमच्या पालि अभ्यासवर्गातील उपासक-उपासिकांसमवेत आम्ही नाशिकहून अजिंठ्यास गेलो होतो. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात दर्शनी भिंतीच्या आतील बाजूवर एक मोठे दरबारचित्र आहे. सिंहासनावर राजा बसलेला आहे, भोवती परिवार आहे, आणि टोकदार टोप्या घातलेले, दाढीवाले, गौरवर्णी परदेशी पुरुष हातांत नजराणे घेऊन अदबीने पुढे येत आहेत. एकाच्या हातात मोत्यांचा सर आहे, दुसऱ्याच्या हातात सुरईसारखे पात्र, तिसऱ्याच्या हातात वस्तूंनी भरलेले तबक. मार्गदर्शकाने झोत टाकून ठरलेले वाक्य म्हटले : हा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी, आणि ही इराणच्या बादशहाने त्याच्याकडे पाठविलेली वकिलात. तेवढ्यात आमच्याबरोबर आलेल्या एका शाळकरी मुलीने आम्हांस विचारले, "सर, बुद्धाच्या लेण्यात या राजाचा दरबार कशाला काढला?"

प्रश्न साधा होता. पण मार्गदर्शकापाशी त्याचे उत्तर नव्हते आणि आम्हांसही ते तेथल्या तेथे पुरतेपणी देता आले नाही. पुढील विवेचन हे त्या उशिरा दिलेल्या उत्तराचे स्वरूप आहे असे वाचकांनी समजावे.

या विषयात दोन भिन्न प्रश्न एकमेकांत मिसळले गेले आहेत. पुलकेशी आणि इराणचा सम्राट दुसरा खुसरो यांच्यात दौत्यसंबंध होता काय, हा पहिला प्रश्न. अजिंठ्याचे ते चित्र त्या संबंधाचे आहे काय, हा दुसरा. इतिहासाच्या कित्येक पुस्तकांत पहिल्याचा पुरावा म्हणून चित्र दिले जाते, आणि चित्राचा अर्थ सांगताना पहिली गोष्ट सिद्ध धरली जाते. आमच्या मते पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'बहुधा होय' असे आहे आणि दुसऱ्याचे 'नाही' असे. हे दोन्ही कसे, ते क्रमाने पाहू.

दौत्यसंबंधाचा पुरावा भारतात नाही. तो बगदादला राहून अरबी भाषेत जगाचा इतिहास लिहिणाऱ्या तबरी या ग्रंथकाराच्या लेखनात आहे. तबरीचा काळ इ.स. ८३९ ते ९२३. म्हणजे घटनेनंतर जवळजवळ तीनशे वर्षांचा. मात्र ससानी राजवंशाविषयी त्याने जे लिहिले, त्यास जुन्या इराणी राजवृत्तांतांचा आधार होता असे मानले जाते. प्रसंग मोठा नाट्यपूर्ण आहे. इ.स. ६२८ च्या आरंभी खुसरोस त्याच्याच सरदारांनी पदच्युत केले आणि त्याचा पुत्र शीरूया यास गादीवर बसविले. नव्या राजाने कैदेतील पित्यावर आरोपांची यादी पाठविली. त्यांतील एक आरोप असा की, तुम्ही आम्हां पुत्रांना कोंडून ठेवून वाईट वागविले. वृद्ध खुसरोने प्रत्येक आरोपास उत्तर दिले, आणि या आरोपाच्या उत्तरात हिंदुस्थानच्या एका राजाचा उल्लेख आला.

त्या उत्तराचा आशय असा : आमच्या कारकिर्दीच्या ३६ व्या वर्षी हिंदुस्थानच्या राजाने आमच्याकडे दूत पाठविले. आमच्यासाठी आणि आमच्या सर्व पुत्रांसाठी भेटी पाठविल्या, प्रत्येकास स्वतंत्र पत्रही पाठविले. तुला एक हत्ती, एक तलवार, एक पांढरा ससाणा आणि जरीकाम केलेला किनखापी अंगरखा अशा वस्तू आल्या. परंतु तुझ्या पत्रावर 'हे गुप्त ठेवावे' अशा अर्थाचा मजकूर भारतीय भाषेत लिहिलेला होता. म्हणून आम्ही भेटी तुम्हां सर्वांना पोचत्या केल्या, तुझे पत्र मात्र ठेवून घेतले आणि एका भारतीय लेखकास बोलावून मोहर फोडविली. आमच्या राज्याच्या ३८ व्या वर्षी, अमुक महिन्याच्या अमुक दिवशी तुझ्या मस्तकी मुकुट येईल, तेव्हा आनंदात राहा, असे त्या पत्रात होते. हे ठाऊक असूनही आम्ही तुझ्या जिवास धक्का लावला नाही, हाच आमच्या वात्सल्याचा पुरावा.

खुसरो इ.स. ५९० मध्ये गादीवर आला. त्याचे ३६ वे वर्ष म्हणजे इ.स. ६२५-२६. आता या हिंदी राजाचे नाव. अरबी हस्तलिखितांत ते 'फुरुमीशा' अशासारखे काही वाचले जाते. जर्मन पंडित थिओडोर नोल्डेके यांनी तबरीच्या ससानी भागाचा अनुवाद इ.स. १८७९ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा हे नाव मूळ 'पुलिकेश' असावे असे सुचविले. अरबीत 'प' वर्ण नाही, त्याच्या जागी 'फ' येतो. जुन्या पहलवी लेखनात 'र' आणि 'ल' यांचा भेद स्पष्ट राहत नाही. आणि लिपी बदलत बदलत आलेल्या परक्या नावांत आणखी मोडतोड व्हावी यात नवल नाही. पालि ग्रंथांचे सिंहली, बर्मी आणि थाई पाठ ताडून पाहण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना हे अनुमान ओढूनताणून केलेले वाटणार नाही. पण ते अनुमान आहे, याचे भान ठेवले पाहिजे. त्याच्या बाजूने काळ उभा आहे : इ.स. ६२५ च्या सुमारास समुद्रमार्गे इराणशी व्यवहार करू शकेल असा दक्षिणेतील प्रबळ राजा पुलकेशीच होता.

आता पत्रातील भविष्याविषयी. पालि वाचकास येथे ब्रह्मजालसुत्ताची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. राजांचा जय-पराजय, ग्रहनक्षत्रांची शुभाशुभ फले सांगून पोट भरणे यास तेथे 'तिरच्छानविज्जा' म्हटले आहे, आणि त्यापासून श्रमण गौतम दूर आहेत असे सांगितले आहे. चालुक्यांच्या दरबारातील ज्योतिष्यांना या उपदेशाची बाधा झाली नसावी! परंतु इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. भविष्य दिवसासकट खरे ठरले, याचा अर्थ तो भाग घटना घडून गेल्यावर रचला गेला, हाच संभव अधिक. तसे असले तरी सारी हकीकत खोटी ठरत नाही. कथा सजविणाऱ्यास भविष्याची गरज होती. हत्ती, ससाणा, अंगरखा यांची नेमकी यादी, राज्यवर्ष आणि एका दूरच्या राजाचे अनोळखी नाव यांची नव्हती. ज्या तपशिलाचा कथेला उपयोग नसतो तो बहुधा नोंदीतून आलेला असतो. म्हणून दूत गेले, भेटी गेल्या, पत्रे गेली, एवढे आम्ही ग्राह्य धरतो.

दूरच्या दोन राजांचा असा व्यवहार कसा जुळे, याचे एक उत्तम चित्र आपल्याच अट्ठकथांत आहे. मज्झिमनिकायातील धातुविभङ्गसुत्तावर भाष्य करताना 'पपञ्चसूदनी' पुक्कुसाति राजाची कथा सांगते. राजगृहाचे व्यापारी माल घेऊन तक्षशिलेस जातात. तेथील राजा पुक्कुसाति त्यांना त्यांच्या देशाच्या राजाविषयी विचारतो, बिम्बिसाराचे गुण ऐकून प्रसन्न होतो आणि त्यांची जकात माफ करतो. मग व्यापाऱ्यांच्या मुखाने मैत्रीचे निरोप जातात-येतात. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेले नाही. पुढे पुक्कुसाति आठ अमूल्य वस्त्रे करंडकांत बंद करून पाठवितो. बिम्बिसार त्यांतील चार भगवंतांना अर्पण करतो आणि आपण परतभेट काय द्यावी याचा विचार करून सोन्याच्या पत्र्यावर त्रिरत्नांचे गुण आणि आनापानसतीची भावना कोरवून घेतो. पुक्कुसाति ते पत्र प्रासादात एकांती उघडून वाचतो आणि राज्य सोडून पायी राजगृहाकडे निघतो.

धम्माच्या दृष्टीने कथेचा अर्थ स्पष्टच आहे. पण अट्ठकथाकाराने नकळत दौत्याचे सारे व्याकरणही नोंदवून ठेवले आहे. आधी व्यापारी, मग जकातीची सवलत, मग निरोप, मग 'पण्णाकार' म्हणजे नजराणा, आणि शेवटी एकांतात उघडावयाचे पत्र. पुलकेशीच्या पत्रावरील 'गुप्त' हा शेरा या परंपरेत बसतो. भेट चारचौघांत स्वीकारायची आणि पत्र एकटे वाचायचे, हा शिष्टाचारच दिसतो. विनयपिटकातील चुल्लवग्गात दूतकार्यास योग्य भिक्खूचे आठ गुण सांगितले आहेत : तो ऐकणारा असावा, ऐकविणारा असावा, ग्रहण करणारा, धारण करणारा, जाणणारा, जाणवून देणारा, अनुकूल-प्रतिकूल ओळखण्यात कुशल आणि कलह न करणारा असावा. हे सारिपुत्ताला उद्देशून आहे. गृहस्थांचे आणि राजांचे निरोप पोचविणे मात्र भिक्खूस वर्ज्यच. खुसरोच्या दरबारी गेलेले दूत कोण होते हे तबरी सांगत नाही. ते चालुक्यांचे राजपुरुष असावेत किंवा समुद्राची वाट जाणणारे श्रेष्ठी, असे मानण्यास जागा आहे.

आणि ती वाट येथूनच जात होती. सहाव्या शतकातील ग्रीक लेखक कॉस्मस हा 'कल्लियाना' म्हणजे आपल्या कल्याण बंदराविषयी लिहिताना तेथे ख्रिस्ती समाज असून त्याचा धर्मगुरू इराणातून नेमला जातो असे सांगतो. लंकेच्या राजास इराणहून घोडे येत आणि ते आणणाऱ्यांना जकात पडत नसे, ही त्याची दुसरी नोंद. जकातमाफीचा हा योगायोग पुक्कुसातीच्या कथेशी ताडून पाहावा. दख्खनच्या राजांना घोडे हवे होते, इराणच्या सैन्याला हत्ती हवे होते. पुलकेशीच्या काळातील ऐहोळेचा शिलालेख, जो रविकीर्ती कवीने शके ५५६ म्हणजे इ.स. ६३४-३५ मध्ये रचला, तो कोकणच्या मौर्यांचा पाडाव आणि पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हणविणाऱ्या पुरी नगरीवरील नाविक स्वारी यांचे वर्णन करतो. कोकणची बंदरे हाती आल्यावर समुद्रापलीकडच्या राजाशी बोलणी करणे क्रमप्राप्तच होते.

नाशिकच्या वाचकांना पुलकेशी हा बदामीचा, म्हणजे परका वाटण्याचा संभव आहे. ऐहोळेचा लेख त्यास तीन महाराष्ट्रकांचा आणि त्यांतील ९९,००० गावांचा अधिपती म्हणतो. आपल्या जिल्ह्यातील लोहोणेर येथे त्याचा शके ५५२ चा ताम्रपट मिळाला आहे. इ.स. ६४१ च्या सुमारास युआन च्वांग, ज्यास आपण ह्युएन त्संग म्हणून ओळखतो, या राजाच्या देशात आला. त्याने वर्णिलेली महाराष्ट्राची राजधानी एका मोठ्या नदीच्या काठी होती आणि भरुकच्छापासून सुमारे १,००० ली अंतरावर होती. हे अंतर बदामीस जुळत नाही म्हणून फ्लीट यांनी ही नगरी नाशिक असावी असे मत मांडले. ते सर्वमान्य नाही. आम्हीही स्थानाभिमानाने ते उचलून धरू इच्छित नाही. मात्र त्या प्रवाशाने या देशात शंभरावर संघाराम आणि दोन्ही यानांचे मिळून सुमारे ५,००० भिक्खू असल्याचे लिहिले आहे, हे पुलकेशीच्या राज्याचे चित्र डोळ्यांपुढे आणताना विसरू नये. उत्तरापथाचा स्वामी हर्ष यास या राजाने रोखले, हेही त्याने आवर्जून नोंदविले. अलीकडे उजेडात आलेल्या इ.स. ६१९ च्या एका ताम्रपटावरून तो संग्राम ६१८-१९ च्या हिवाळ्यातच झाला असावा असे अभ्यासक मानू लागले आहेत. तसे असल्यास इराणकडे दूत पाठविणारा पुलकेशी हा हर्षाला परतवून सहा-सात वर्षे झालेला, आत्मविश्वासाने भरलेला राजा होता.

तिकडे खुसरोची स्थिती काय होती? त्याच्या सेनांनी इ.स. ६१४ मध्ये जेरुसलेम जिंकले होते, पुढे इजिप्तही घेतले होते. परंतु ६२२ पासून रोमन सम्राट हेराक्लियस उलट चाल करून आला होता. ६२६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा वेढा फसला, ६२७ च्या डिसेंबरात निनेव्हेजवळ इराणी सैन्य हरले, आणि दोन महिन्यांत खुसरोची गादी गेली. म्हणजे पुलकेशीचे दूत पोचले ते वैभवाच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर. केवळ सम्राटास नव्हे तर प्रत्येक राजपुत्रास स्वतंत्र पत्र पाठविण्यात वारसाहक्काच्या तंट्याची काही खबर दख्खनपर्यंत आली होती काय, अशी शंका आमच्या मनात येते. तिला पुरावा नाही. म्हणून ती शंका म्हणूनच सोडून देतो.

येथवर आपण जे पाहिले त्यात एक गोष्ट कोठेच आली नाही. खुसरोने उलट पुलकेशीकडे वकिलात पाठविल्याचे तबरी सांगत नाही. दुसरा कोणताही लिखित आधार आम्हांस ठाऊक नाही. ऐहोळेच्या प्रशस्तीत त्याचा मागमूस नाही. आणि आपण दूत पाठविले हे प्रशस्तिकाराने वगळले तर समजू शकते, पण इराणचा शाहानशाह आपल्या धन्याच्या दारी नजराणे पाठवितो ही गोष्ट रविकीर्तीसारखा कवी, जो कालिदास आणि भारवी यांच्याशी स्वतःची तुलना करतो, तो सोडून देईल हे संभवत नाही. मग 'इराणी वकिलात महाराष्ट्रात आली' हे विधान आले कोठून? ते केवळ त्या चित्रातून आले.

त्याची हकीकत अशी. नोल्डेके यांचा अनुवाद निघाला त्याच साली, १८७९ मध्ये, स्थापत्याचे प्रसिद्ध अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी अजिंठ्याच्या चित्रांत खुसरोचे चित्र ओळखल्याचे जाहीर केले. दरबारचित्रातील राजा पुलकेशी ठरला, टोपीवाले पाहुणे इराणी वकील ठरले. त्याच लेण्याच्या छतावर तशाच पोशाखातील, हाती प्याला घेतलेल्या परदेशी पुरुषाची चित्रे आहेत. तो खुसरो आणि शेजारची स्त्री त्याची राणी शिरीन ठरली. कल्पना मोहक होती. भारतीय चित्रकलेत तारखेसह ओळखता येणारा ऐतिहासिक प्रसंग मिळणे ही दुर्मीळ गोष्ट. शिवाय त्या काळी पहिले लेणे सातव्या शतकातले मानले जात असे. परंतु या युक्तिवादात एक चक्र लपलेले होते. चित्र खुसरोचे म्हणून लेणे सातव्या शतकाचे, आणि लेणे सातव्या शतकाचे म्हणून चित्र खुसरोचे. आपल्या न्यायशास्त्रात यास अन्योन्याश्रय म्हणतात. पुढील शंभर वर्षे हे मत ग्रंथांतून ग्रंथांत आणि तेथून शालेय पुस्तकांत उतरत गेले.

चक्र तुटले ते लेण्यांच्या कालनिर्णयामुळे. सोळाव्या लेण्यातील लेखावरून ते वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने कोरविले हे निश्चित आहे. अजिंठ्याच्या महायानकालीन लेण्यांचा अनेक दशके अभ्यास करणारे वॉल्टर स्पिंक यांनी दाखवून दिले की, पहिल्या लेण्यासह हे सारे काम पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुख्यतः हरिषेणाच्या राजवटीत झाले. त्यांच्या कालगणनेतील प्रत्येक वर्ष सर्वांना मान्य नाही. परंतु पहिले लेणे पाचव्या शतकाचे, ही गोष्ट आज बहुतेक अभ्यासक मान्य करतात. म्हणजे चित्र रंगविले गेले तेव्हा खुसरो आणि पुलकेशी या दोघांच्याही जन्मास शतकाच्या आसपास अवकाश होता.

मग चित्रात आहे काय? जर्मन विद्वान डीटर श्लिंगलॉफ यांनी अजिंठ्याच्या कथाचित्रांचा ग्रंथांशी ताळा घेऊन हे चित्र महासुदर्शन राजाच्या कथेचे असल्याचे दाखविले. पालि वाचकास ही कथा दीघनिकायातील सतराव्या सुत्तात आणि ९५ क्रमांकाच्या जातकात मिळते. भगवान कुसिनारा येथे परिनिर्वाणाच्या शय्येवर असताना आनंद त्यांना विनवितो की, या लहानशा आडगावात देह ठेवू नये, मोठमोठी नगरे आहेत. तेव्हा भगवंत सांगतात की, हेच स्थान पूर्वी महासुदस्सन चक्रवर्तीची राजधानी कुसावती होते. चारही दिशांचे राजे त्यास शरण आलेले होते. पुढे प्रजाजन विपुल धन घेऊन त्याच्याकडे येतात. राजा ते घेत नाही. धर्माने मिळविलेले मजपाशी पुष्कळ आहे, हे तुमचे तुम्हांलाच असो, उलट येथूनही घेऊन जा, असे म्हणतो. आणलेले धन परत नेणे त्यांना योग्य वाटत नाही, म्हणून ते राजासाठी निवासस्थान बांधण्याचे ठरवितात. त्यातून 'धम्म' नावाच्या प्रासादाची कथा पुढे जाते. त्या प्रासादात राजा ध्यान आणि ब्रह्मविहार यांत राहतो आणि अखेर सारे सोडून देह ठेवतो. तो राजा मीच होतो, असे भगवंत सांगतात.

पालि पाठात धन आणणारे ब्राह्मण आणि गृहपती आहेत. संस्कृत महासुदर्शनसूत्रात मात्र चौऱ्याऐंशी हजार मांडलिक राजे येतात आणि प्रासाद बांधू देण्याची प्रार्थना करतात. हा पाठभेद ध्यानात घेतला की चित्र उलगडते. नजराणे घेऊन आलेले ते पुरुष कोणा एका देशाचे वकील नव्हेत. ते चारी दिशांतून आलेले दूरदूरचे राजे आहेत. पालिच्या अभ्यासकाने केवळ पालि पाठावर विसंबू नये, याचा हा एक चांगला धडा आम्हांस स्वतःलाही मिळाला. कित्येक वर्षे आम्ही ते सुत्त शिकवीत होतो आणि त्या चित्रापुढे अनेकदा उभेही राहिलो होतो, पण दोहोंची गाठ आम्हांस घालता आली नव्हती.

आता त्या मुलीचा प्रश्न. पहिल्या लेण्यातील इतर चित्रे पाहावीत : शिबी, महाजनक, शंखपाल, चाम्पेय्य. बहुतेकांत राजे आहेत, राजवाडे आहेत, दरबार आहेत, आणि त्या वैभवाचा त्याग आहे. या मालिकेत पुलकेशीचा दरबार परका पडतो. महासुदस्सनाचा चपखल बसतो. 'बुद्धाच्या लेण्यात या राजाचा दरबार कशाला' या प्रश्नातच, पाहा, फर्ग्युसन यांच्या मताचे खंडन होते. ते करण्यास जर्मन भाषेची गरज नव्हती. चित्रातील त्या राजाची खरी ओळख शंभर वर्षे झाकली गेली, ही आमच्या दृष्टीने कालनिर्णयाच्या चुकीपेक्षाही मोठी हानी होय. त्या काळात असंख्य लोक बोधिसत्त्वाच्या चित्रापुढे उभे राहून एका राजकीय समारंभाचे वर्णन ऐकून परतले.

चित्रातील टोप्या आणि पोशाख मात्र इराणी धर्तीचे आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. पाचव्या शतकातील चित्रकाराला 'अतिदूरचा राजा' दाखवायचा होता. त्याने तो आपल्या बाजारपेठांत पाहिलेल्या माणसांवरून काढला. सतराव्या लेण्यातही परदेशी चेहऱ्याची माणसे धम्मश्रवणास आलेली दिसतात. आमच्या त्रिरश्मी लेण्यांत तर याहून जुन्या खुणा आहेत. तिसऱ्या लेण्यातील बलश्रीच्या लेखात गौतमीपुत्रास शक, यवन आणि पल्हव यांचा संहारक म्हटले आहे. हे पल्हव म्हणजे इराणकडचेच लोक. आणि त्याच डोंगरावर उत्तरेकडील दात्तामित्री नगराचा यवन इंद्राग्निदत्त आपल्या धम्मरखित नावाच्या पुत्रासह सर्व बुद्धांच्या पूजेसाठी लेणे कोरवितो. एकाच टेकडीवर, काही पावलांच्या अंतरावर, परक्यांशी झालेल्या युद्धाची आठवण आहे आणि परक्यांनी दिलेले दानही आहे. अजिंठ्याचे टोपीवाले या दुसऱ्या प्रकारच्या परिचयाचे साक्षी आहेत. ते एका विशिष्ट वकिलातीचे चित्र नसले, तरी ज्या परिचयातून पुढे पुलकेशीला इराणकडे दूत धाडावेसे वाटले त्याचा तो आधीचा पुरावा आहे, असे आमचे मत.

भारतीय राजांच्या परराष्ट्रसंबंधांची माहिती परकीयांच्या दप्तरांतूनच मिळावी, हे या एका प्रकरणापुरते नाही. लंकेचा राजा मेघवर्ण याने सिंहली भिक्खूंसाठी बोधगयेस विहार बांधण्याची अनुज्ञा मागण्याकरिता समुद्रगुप्ताकडे दूत पाठविले, ही गोष्ट आपणांस चिनी ग्रंथातून कळते. हर्षाने इ.स. ६४१ मध्ये चीनच्या थांग सम्राटाकडे पाठविलेले दूतही तिकडच्या नोंदींतच आहेत.

पुलकेशी-खुसरो संबंध पुढे टिकला नाही. टिकण्यास दोन्हीकडे कोणी उरलेच नाही. शीरूयाने पित्याचा वध होऊ दिला आणि तो स्वतः त्याच वर्षी, काही महिन्यांत मरण पावला. इ.स. ६४२ च्या सुमारास पल्लव नरसिंहवर्म्याने बदामी घेतली आणि पुलकेशीचा अंत झाला. त्याच सुमारास नहावंदच्या रणांगणावर अरबांनी इराणच्या साम्राज्याचा कणा मोडला.

त्याआधी एखादे वर्ष युआन च्वांग या देशातून गेला होता. त्याने इराणचेही वर्णन ऐकीव माहितीवरून लिहून ठेवले आहे. तेथे दोन-तीन संघाराम असून काही शे भिक्खू सर्वास्तिवादी परंपरेचा अभ्यास करतात, असे तो म्हणतो. आणि पुढे एक वाक्य येते की, शाक्यमुनींचे भिक्षापात्र या देशाच्या राजवाड्यात आहे. पुलकेशीच्या दूतांना टेसिफोनच्या राजवाड्यात ते कोणी दाखविले होते काय, याविषयी तबरीचा खुसरो काही बोलत नाही.